पंचवीसच्या रिळावरचा बाराचा दोरा

नवरा जाऊन पाच आठवडे झाले तरी ती रडली नव्हती. नणंद दोनदा येऊन राहून गेली. "वहिनी, एकदा रडून घे गं," असं म्हणता म्हणता दोन्ही वेळा तीच रडून मोकळी झाली आणि हिने तिला पाणी आणून दिलं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि गाल परक्याचा वाटू लागतो, तसं तिचं अंगभर झालं होतं.

शनिवारी दुपारी टेलरभाऊजी आले. तळ्यावर नवऱ्याच्या शेजारी वर्षानुवर्षं गळ टाकून बसणारे ते हेच. कॉलरला टाचण्या तशाच टोचलेल्या.

"वहिनी, उद्या मी पाण्यात पडलेल्या त्याच बुंध्यापाशी बसणार. तो बास मासा मी सोडत नाही."

"बसा."

"पंचवीसचा लीडर तोडला म्हणजे राक्षसच आहे तो. मी तीसचा आणलाय. गाठ तेवढी तुम्ही मारून द्या, माझी सुटते."

"टेलर असून?"

"अहो, शर्ट काही पलीकडून ओढत नाही!"

तिने रीळ हातात घेतलं. गाठी मारणं तिच्याकडे आलं ते कारखान्यातल्या प्रेसमुळे. नवऱ्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्यात चेमटली, त्यांची जाणीवच गेली. काठी धरता यायची, गाठ मारता यायची नाही. म्हणून दर शनिवारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची. मुख्य दोरा विणलेला, वीस पौंडांचा ताण सोसणारा. तो माशाला दिसतो, म्हणून त्याच्या टोकाला हातभर पारदर्शक दोरा जोडायचा. तो लीडर, आणि त्याच्या टोकाला गळ.

नवऱ्याला लीडर पंचवीसचाच हवा असायचा. मग गळ तळाशी कशात तरी अडकला आणि हिसका मारला की लीडर शाबूत राहायचा आणि वीसचा दोराच मध्ये तुटायचा. अर्धा दोरा पाण्यात. त्यानंतर बुधवारपर्यंत घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही.

"ताई, लीडर नेहमी दोऱ्यापेक्षा कमी जोराचा घ्या," दुकानदाराने तिला सांगितलं होतं. "अडकला तर तो तुटू दे. दोरा वाचतो."

तिने ते घरी सांगितलं. "तो गळ विकतो, मी मासे धरतो," नवरा म्हणाला.

तिने वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात बाराचा लीडर आणला आणि पंचवीसच्या रिळावर गुंडाळून ठेवला. त्या बोटांना फरक कळणार नव्हता आणि चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. अकरा वर्षं दोरा अख्खा घरी आला, बुधवारपर्यंतची शांतता गेली आणि नवरा तळ्यावर सगळ्यांना सांगत राहिला, "पंचवीसचा लावा. माझं बघा!"

शेवटच्या रविवारी तो मोठा बास लागला आणि लीडर तुटला. "पंचवीसचा तुटतोच कसा?" नवऱ्याने जेवताना विचारलं. सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी सकाळी बुटाची नाडी ती बांधत असतानाच तो खुर्चीत कलंडला.

आता तीसचा बांधून दिला असता तर भाऊजी निघून गेले असते. त्यांचाही दोरा वीसचाच. तो मध्येच तुटला असता आणि मासा तो लांबच लांब दोरा ओढत फिरला असता.

"तो पंचवीसचा नव्हता," ती म्हणाली. "बाराचा होता. अकरा वर्षं बाराचाच."

"काहीतरीच!"

तिने ड्रॉवरमधलं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही, असा तळ्यावरचा दंडक. त्यामुळे तो दोरा भाऊजींच्या बोटांत पहिल्यांदाच आला. बटणाचा दोरा पारखावा तसा त्यांनी तो चोळून पाहिला आणि त्यांचं हसू विरलं.

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"सोमवारी मला फोन करून विचारत होता, वहिनी. कसा तुटला, कसा तुटला."

"मलाही विचारलं."

"मग सांगायचं नाही?"

"अकरा वर्षं सांगितलं नव्हतं. सोमवारी कसं सांगू?"

ते ओरडतील म्हणून ती थांबली. ओरडले असते तर कदाचित आत काही हललं असतं.

"बाराचा कमीच," शेवटी ते म्हणाले. "बुंध्याला घासतो. तिथे सोळा हवा होता."

"झाडाझुडपात थोडा जास्त घ्या, असं दुकानदारही म्हणाला होता."

"मग?"

"हे झाडापाशी बसतात हे मला काय ठाऊक? मी तळं पाहिलंय कधी?"

भाऊजींनी तीसचं रीळ पिशवीत टाकलं, तळाशी न वापरता पडलेलं सोळाचं काढलं. वेष्टन स्वतः फाडलं, टोक चोळून पाहिलं आणि मग तिला दिलं. ती गाठ मारत होती तेव्हा त्यांची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. गाठ ओलवून तिने आवळली. त्यांनी ती ओढून पाहिली. मग मुठीला गुंडाळून पुन्हा ओढली.

"बसली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

दारात एक बूट चढवून ते थांबले. "तळ्यावर कोणाला बोलणार नाही मी. त्याचं नाव आहे तिथे."

"बोला," ती म्हणाली. "त्यांचं ऐकून सगळे अजून पंचवीसचाच लावतात ना?"

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली. दुसरा बूट त्यांच्या हातातच राहिला.

"मग सांगून टाका सगळ्यांना," ती म्हणाली.