बराकीतले चार सम्राट

माझा नवरा टायफॉइडने आठ दिवसांत गेला तेव्हा मला विसावं लागलं होतं. लग्नाला चौदा महिने झाले होते. मी रडले नाही. अंबरनाथला माहेरी परत आले तेव्हा शेजारणी गळ्यात पडून रडायच्या आणि मीच त्यांना पाणी आणून द्यायची. आई म्हणायची, "अगं, एकदा मोकळी हो." मोकळं कशातून व्हायचं तेच मला कळत नव्हतं.

वडील कारखान्यात फोरमन होते. ते फार बोलत नसत. एका रविवारी म्हणाले, "तुझं बी.ए. अर्धवट राहिलंय. बाहेरून परीक्षा देता येते म्हणतात. पूर्ण कर. शाळेत लागशील कुठेतरी."

"बरं," मी म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

विषय इतिहास, आणि त्यात एक अख्खा पेपर रोमचा. शिकवणारं जवळपास कोणी नव्हतं. वडिलांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात फाळणीत आलेले एक सिंधी सर राहतात, तिकडे कराचीला कॉलेजात इतिहास शिकवायचे. वडील मला घेऊन गेले. लष्करासाठी बांधलेली लांबच लांब बराक, आणि आत गोणपाटाचे पडदे बांधून केलेली बिऱ्हाडं. सर खाटेवर बसले होते. पाठ ताठ, दाढी वाढलेली.

"फी नको," ते हिंदीत म्हणाले. "बेटी माझ्या सुनेला मराठी शिकवू दे. आता इथेच राहायचं आहे."

सून माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पांढरी ओढणी, कपाळ मोकळं. तिने माझं कपाळ पाहिलं, मी तिचं. मग ती पडद्यामागे पापड लाटायला गेली.

आठवड्यातून तीन दुपारी मी चालत जायची. सरांनी सुरुवात केली ती एकाच वर्षात चार सम्राट झाले तिथून. "हेच विचारतात," ते म्हणाले. त्या चौघांची नावं मी तेव्हा घोकली होती, आता त्यांची गरज नाही. आधीच्या सम्राटाने सगळे उलटल्यावर स्वतःला संपवलं, आणि एक सत्तरीचा कडक म्हातारा गादीवर आला. पहारेकऱ्यांना कबूल केलेलं बक्षीस त्याने दिलं नाही. त्यांनीच भर चौकात त्याला पालखीतून पाडून त्याचं डोकं कापलं. ज्याने हे करवलं तो दुसरा. तो तीन महिने टिकला. उत्तरेकडच्या फौजेने तिसरा सम्राट उभा केला आणि ती चालून आली. दुसऱ्याकडे अजून सैन्य होतं, पण आपल्यापायी आणखी माणसं मरायला नकोत म्हणून एका सकाळी त्याने उशीखालचा खंजीर काढून स्वतःच्या छातीत घातला. तिसरा खादाड. त्याला चौथ्याच्या सैनिकांनी रस्त्यातून ओढत नेऊन मारलं. चौथा मात्र टिकला.

रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात सर हे सांगायचे. रोमच्या गल्ल्यांत दोन फौजा एकमेकांना कापत होत्या तेव्हा लोक बाजूला उभे राहून, कुस्ती बघावी तसे टाळ्या वाजवत होते, आणि दुकानं उघडीच होती, असंही त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. मला काही वाटलं नाही.

एकदा पडद्यामागून सुनेने विचारलं, "और इनकी औरतें?"

सरांनी पुस्तकाची पानं मागे उलटली. "तिसऱ्याची एक मुलगी होती. चौथ्याने तिचं लग्न लावून दिलं. हुंडा, संसाराचं सामान, सगळं दिलं."

"उसके बाप को इन्हीं लोगों ने मारा था ना?"

"हां. छोट्या भावालाही."

"रोई होगी?"

"किताब में नहीं लिखा," सर म्हणाले.

इतिहास संपला की मी सुनेपाशी बसायची. ती हुशार होती. बाजारातली मराठी तिला महिन्याभरात आली, मग लिहायची गोडी लागली. मी म्हटलं, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिही. तिने पाटीवर लिहिलं, 'माझा माणूस परत आली नाही.' मी 'आली' खोडलं, 'आला' लिहिलं आणि म्हटलं, "माणूस तो असतो, म्हणून आला." तिने मान हलवून परत लिहून दाखवलं. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका लढाईपाशी सर दोन पानं गाळून पुढे गेलेत. पुस्तक मी घरी नेलं होतं, ती पानं वाचली. मुलगा लहान असतानाच घर सोडून फौजेत गेलेला बाप, आणि मोठा होऊन समोरच्या फौजेत भरती झालेला मुलगा. लढाईत मुलाने एकाला पाडलं. अंगावरच्या वस्तू काढायला वाकला तेव्हा ओळख पटली. त्याने मरत्या बापाची क्षमा मागितली, खड्डा खणून त्याला पुरलं. आसपासचे सैनिक हळहळले, त्यांनी युद्धाला शिव्या दिल्या, आणि मग परत कापाकापीला लागले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, हे राहिलं का?"

त्यांनी पान पाहिलं. चष्मा काढला.

"आम्ही कराचीच्या बंदरावर आलो होतो," ते म्हणाले. "बोट लागली होती. मला आठवलं, पुस्तकांची पेटी घरीच राहिली. मुलाला म्हटलं, जा, घेऊन ये. शहरात दंगा सुरू झाला होता. मला माहीत नव्हतं." मग ते त्याच आवाजात म्हणाले, "पेटी आली. शेजाऱ्याने दोन महिन्यांनी बोटीवर चढवून पाठवली. भला माणूस होता."

माझ्या हातातलं पुस्तक त्या पेटीतलं होतं. पडद्यामागे लाटणं चालूच होतं.

आणि मी काय म्हटलं? आज इतक्या वर्षांनी लिहितानाही हात अडतो. मी म्हटलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मला वाटतं, माझ्यात काय बंद पडलं होतं ते त्या घरात त्यांना ओळखीचं होतं. "नहीं बेटी," ते म्हणाले, "यह नहीं आता." मग त्यांनी पुढचं पान उलटलं आणि चौथा सम्राट शिकवायला घेतला.

चार सम्राटांचा प्रश्न खरंच आला. मी आठ पानं लिहिली. दुसऱ्या वर्गात पास झाले. निकाल सांगायला गेले तेव्हा सर "अच्छा" म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. पुढे कॅम्पातल्या एका शाळेत मला नोकरी लागली. वर्षभराने सूनही तिथेच शिवण शिकवायला आली. मुलींना ती मराठीत रागवायची, आणि एकाही शब्दाचं लिंग चुकवायची नाही. सर त्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मी गेले, बसले, उठून आले.

रडू आलं ते आणखी वर्षभराने. शाळेची सहल बदलापूरला नदीवर गेली होती. दुसरीतल्या एका मुलीची चप्पल पाण्यात वाहून गेली आणि ती काठावर उभी राहून भोकाड पसरून रडायला लागली. मी तिला समजवायला वाकले, आणि मला उठताच येईना. मी तिथेच दगडावर बसून रडायला लागले. तोंडावर पदर धरायचंही सुचलं नाही. मुली घाबरून गप्प झाल्या. ती चप्पलवाली तर स्वतःचं रडणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

सून आली. तिने मला हात लावला नाही, काही विचारलं नाही. स्वतःच्या चपला काढून त्या मुलीच्या पायात घातल्या. फारच मोठ्या झाल्या. मग ती मुलींकडे वळून म्हणाली, "चला, डबे उघडा. बाई येतील मागून."