पारूबाईचा रस्ता आणि आमचं कोर्ट

कोर्टाच्या नोकरीत तीस वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी मिळतात, पेन्शन आणि किस्से. पेन्शनसाठी अर्ज करावा लागतो, किस्से न मागता साचतात. मी बेलिफ होतो. म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा. कागदाच्या पाठीवर दोन ओळी लिहायच्या, घेतला की नाही घेतला. जे दोन ओळींत मावत नाही ते घरी घेऊन यायचं.

परवा चहावर एका मित्रानं विचारलं, "कायद्याचं राज्य कायद्याचं राज्य म्हणतात, तू पाह्यलं काय गा कधी?"

म्हटलं, "राज्य नाही पाह्यलं. एक रस्ता पाह्यला."

तो रस्ता पारूबाई आत्रामचा. जंगलाच्या कडेला तिचं चार एकर वावर. वावरात जायची पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट, विश्वासभाऊ गावंडेंच्या शेताला लागून. भाऊंनी एक दिवस तिथं लोखंडी फाटक लावलं आणि कुलूप घातलं. बाई नाल्यातून चढून जायची, पण बैलजोडी काही नाल्यातून चढत नाही. वावर पडीक राहायला लागलं. भाऊ म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. बाईनं दावा ठोकला, तेव्हा गावाला वाटलं तिचं डोकं फिरलं.

* * *

पहिलं समन्स घेऊन मीच गेलो. भाऊंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. मी कागद पुढे केला.

"चहा घ्या. सही नाही करत."

"मग नकार लिहू?"

"लिहा ना. बिस्कीट घ्या."

घेण्यास नकार दिला की कागद दारावर चिकटवायचा असतो. मी पिशवी चाचपली, गोंद घरी राहिला होता. भाऊंनी हे पाहिलं. कपाटातून आपली गोंदाची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी दाराकडे वळलो तर मागून म्हणाले, "त्या दारावर नको, आताच रंग देला. इकडच्यावर लावा."

इकडच्यावर लावला. पाहुणचारात कसूर नव्हती, हे आजही सांगतो.

* * *

आमचे कासमभाई पट्टेवाले. पुकारा करण्याचं काम त्यांचं. कोर्टाच्या दारात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं, आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत.

एका तारखेला भाऊंचे वकील पांढरकवड्याला अडकले होते, म्हणून भाऊ स्वतः आले. लिंबाखाली बूट काढून, पाच-सहा कार्यकर्त्यांच्या मधोमध बसले. कासमभाईंनी पुकारा केला, "विश्वास गावंडे, हाजिर हो!"

भाऊ हलले नाहीत. दुसरा पुकारा झाला. एक कार्यकर्ता लगबगीनं आला. "चाचा, भाऊ म्हणा ना जरा. लोक ऐकून राह्यले."

कासमभाईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "बोर्डावर जे लिहेल हाय तेच बोलतो मी. पारूबाईले बी बाई नाही लिहेल तिथं. तिनं नाही मानलं वाईट." आणि आवाज न चढवता पुढे म्हणाले, "तिसऱ्या पुकाऱ्यानंतर केस एकतर्फी होते, तेवढं सांगून ठेवा त्याइले."

तिसऱ्या पुकाऱ्याला भाऊ अनवाणी आत पोचले. बूट संध्याकाळपर्यंत लिंबाखाली होते.

* * *

नंतर एक तरुण मॅडम न्यायाधीश म्हणून आल्या. त्यांचा नियम असा की कोर्टात ज्याचा फोन वाजेल त्याचा फोन कोर्टाचं दफ्तर सांभाळणाऱ्या नाझरच्या ड्रॉवरमध्ये. पाच वाजता अर्ज द्यायचा, मग परत. पहिल्याच आठवड्यात भाऊंचा फोन गेला. ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, "मुंबईहून महत्त्वाचा फोन येणार हाय, हे काय चालू हाय?"

दुपारी पुन्हा एक फोन वाजला. सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. वाजत होता मॅडमच्या टेबलावर. मॅडमनी तो न पाहता कासमभाईंकडे दिला आणि साक्षीदाराला म्हणाल्या, "पुढे बोला." फोन ड्रॉवरमध्ये भाऊंच्या फोनशेजारी गेला. भाऊ ते पाहून बाकावर बसले.

पाचला मॅडमचा अर्ज आला. नाझरकडे नेता नेता कासमभाईंनी तो वाचला आणि तसाच परत नेला.

"मॅडम, कारण नाही लिहेल यात. सगळ्याइले लिहा लागते."

मॅडमनी लिहिलं, "बंद करायला विसरले."

मला त्या दिवशी त्या दोघांचाही फार अभिमान वाटला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथं सांगतो.

* * *

पारूबाई प्रत्येक तारखेला यायची. वकील सांगायचे, आज तुमचं काम नाही. ती म्हणायची, "तारीख माही हाय ना? मंग मी नाही तर कोण येईन?"

सहाव्या की सातव्या वर्षी तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "साहेब, माहा रस्ता आता कोणापाशी हाय?"

मी म्हटलं, "कोर्टापाशी हाय, बाई."

"मंग कोर्टातून माह्या वावरात जाता येते काय?"

मी चहा प्यायला निघून गेलो. दुसरं काय करणार होतो?

* * *

तिच्या बाजूनं साक्षीला एकच माणूस उभा राहिला. लेतूबुवा टेकाम, तिच्याच पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, कोलाम म्हातारा. बाकी सगळे ऐन वेळी आजारी पडले. भाऊंच्या वकिलांनी म्हाताऱ्याला तासभर उलटंसुलटं विचारलं. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही बाईच्या सांगण्यावरून खोटं बोलताय."

लेतूबुवानं जरा विचार केला. "खोटं बोलाचं असतं तर गावातच बोललो असतो. तिथं भाऊ चहा पाजत होते. दोन बसा बदलून इथवर कायले येऊ?"

वकील साहेबांनी कागद आवरले. "आणखी काही विचारायचं नाही, मॅडम."

* * *

निकाल बाईच्या बाजूनं लागला. वरच्या कोर्टातही तोच राहिला. अकराव्या वर्षी, पेरणी आठ दिवसांवर आली असताना, फाटक उघडून रस्ता मोकळा करून देण्याचं वॉरंट माझ्या हातात पडलं.

मी दोन पोलीस घेतले. कुलूप कापायला तालुक्याहून गॅरेजवाला रफिक आणि त्याचं मशीन घेतलं. फाटकाशी अर्धं गाव जमलेलं. भाऊ आपली मोटरसायकल फाटकासमोर आडवी लावून तिच्यावर बसले होते.

"किल्ली हरवली," ते म्हणाले.

"मग कापू."

"कापा. पण पंचनामा करा लागते ना? पंच कुठं हायेत?"

अडचण खरी होती. दोन पंच हवेत, त्यातला एक तरी गावचा. रफिक एक झाला. पोलीस चालत नाहीत. लेतूबुवा बाईचा साक्षीदार, तोही चालत नाही. पंच नाही तर पंचनामा नाही, कागद तसाच परत, बाईला पुढची तारीख आणि यंदाचीही पेरणी गेली. मी एकेका माणसाकडे पाहिलं. जो तो आपल्या चपलेकडे पाहत होता. पारूबाई बैलांचा कासरा धरून उभी होती. जोडी बरोबरच आणली होती तिनं.

"घ्या ना पंच," भाऊ म्हणाले. "कोणाले घेता?"

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून शालिनीताई पुढे आल्या. भाऊंच्या पत्नी. साठीला टेकलेल्या, डोक्यावर पदर, गावानं त्यांना चारचौघांत बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं. रफिकनं मशीन सुरू केलं होतं. त्याला म्हणाल्या, "कापू नको रे बाबा, चांगलं कुलूप हाय." आणि कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

मग माझ्याकडे हात पुढे केला. "कुठी करू सही?"

विरुद्ध पक्षाच्या घरचं माणूस पंच म्हणून चालतं की नाही, ते मला त्या क्षणी कोणत्याही परिपत्रकातलं आठवेना. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

"घरी जाय तू," भाऊ म्हणाले.

"पंचाले रस्ता चालून पाहा लागते ना?" हे त्यांनी मला विचारलं.

"हो ताई. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्यांनी पारूबाईला बैल घेऊन मागे यायची खूण केली. मग नवऱ्याकडे वळल्या आणि घरात बोलावं तशा म्हणाल्या, "गाडी बाजूले घ्या. रस्त्यात हाय."

भाऊंनी गाडी बाजूला घेतली.