जोतिबानं ठेवून घेतलेला आवाज

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आदल्या दिवशी, रविवारी, याच नोकरीसाठी साकडं घालायला जोतिबाच्या डोंगरावर गेले होते आणि पालखीपुढं जीव तोडून ‘चांगभलं’ ओरडले होते. नवऱ्याच्या अपघातानंतर घर माझ्यावर आलेलं. नोकरी कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात, चौकशीच्या खिडकीवर. म्हणजे काम सगळं बोलण्याचंच. आरशासमोर घोकलेली उत्तरं घशातच अडकली. खरं सांगते, देवाचा रागच आला. मागायला आले, तर होतं तेही काढून घेतलंस, असं मनात म्हणाले.

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी डोक्यावर ओढणी घेतलेली, गडमुडशिंगी गावची एक बाई होती. तीही त्याच जागेसाठी आलेली, आणि जागा एकच. माझं खाकरणं ऐकून तिनं पर्समधून ज्येष्ठमधाची कांडी काढून दिली. "चघळत बसा ताई. आन् आता अजिबात बोलू नगासा."

मग मला आत बोलावलं. मुलाखत घेणारे साहेब एकदम टेबलावर हात आपटून ओरडायला लागले, "माझा पेशंट कुठं हाय? मगापासनं कोण काय सांगत न्हाय!" माझी परीक्षा घ्यायला ते चिडलेला नातेवाईक झाले होते आणि मला त्यांना समजवायचं होतं. एरवी मी त्यांच्यावर आवाज चढवला असता; आमच्याकडे प्रेमानं बोललं तरी भांडण वाटतं. पण आवाज होता कुठं? घोकलेलं सगळं सोडून दिलं, मनात जोतिबाचं नाव घेतलं आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हटलं, "बसा दादा. पेशंटचं नाव सांगा, मी आत विचारून येते." ऐकू यावं म्हणून ते पुढं वाकले, आणि त्यांचाही आवाज आपोआप खाली आला.

बाहेर आले, तर आत जायला तीच बाई उठलेली. काय विचारलं, असं तिनं नजरेनंच विचारलं. घसा बसलाय अशी खूण करून निघून जावं, असा मोह झाला. पण ज्येष्ठमधाची गोडी अजून जिभेवर होती. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "साहेब वरडत्यात. तुमी हळूच बोला."

आज त्या खिडकीवर सकाळी मी असते, दुपारी ती. एका जागेच्या दोन कशा झाल्या, हे मी साहेबांना कधी विचारलं नाही. तिच्या हाती खिडकी सोपवून निघताना कधीकधी डोळे भरून येतात. जमेल त्या रविवारी डोंगरावर जाते. चांगभलं अजूनही जोरातच म्हणते. पुढं आवाज माझ्याकडं ठेवायचा की न्यायचा, ते जोतिबावर सोडलंय.