आकारामचे बसके बैल

रहिमतपूरच्या खालच्या अंगाला एक वाडी, तिथं आकाराम कुंभाराचं घर. पलटणीतली माणसं लढाईवरनं परत आली त्या सालची ही गोष्ट. वाडीला मडकी, पणत्या आकारामनं पुरवायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपलं बलुतं आणायचं, असा बापापासनं रिवाज. बेंदराला घरटी मातीची बैलजोडी द्यायची, तीही त्यातच. ती जोडी पुजल्याबिगर खऱ्या बैलाला पुरणपोळी मिळत नसे.

बैल करायला चाक लागत नाही. गोळा, चार पाय, वशिंड, शिंगं. आकारामचा हात इतका बसलेला, की बायकोशी भांडता भांडता घराघराच्या जोड्या व्हायच्या. त्या आषाढात माती जरा सैल राहिली आणि एका बैलाचे पुढचे पाय मुडपले. मोडून पुन्हा करायचं, ते सोडून आकारामनं मागचेही पाय मुडपले आणि बैल खाली बसवला. बघतो तर गडी रवंथ करत बसलेला! आकारामला हसू फुटलं. दुसरा केला तो पाय ताणून पडलेला, तिसरा बसल्या बसल्या कूस चाटणारा. जेवायचं भान राहिलं नाही.

बायको, राहीबाई, पाटी घेऊन आली आणि बघतच राहिली.

"आवं, ह्यो काय पोरखेळ मांडलाय?"

"खेळच हाय. इतकी वर्सं नुसतं थापत आलो. औंदा हात खेळला."

"लोक घेतील का ही?"

"न घ्याला काय झालं? बैल न्हवंत का?"

बेंदराच्या आदल्या दिवशी राहीबाई पाटी घेऊन गेली, ती तशीच भरली पाटी डोक्यावर घेऊन परत आली. मागनं नानासो पाटलाची म्हातारी आई हरणाबाई तरातरा.

"आकाराम, मुडद्या, कोळपणी तोंडावर आलीया आन देव्हाऱ्यात बसका बैल ठिवू व्हय? आमचा बैल औतात बसला तर जू तुझ्या मानंवर दीन!"

"काकी, त्यो दमून बसलाय. बैलानं बसूच न्हाई काय?"

"गोठ्यात बसू दे की लेका. देवाम्होरं न्हाई. सांजच्याला हुबी जोडी न्हाई आली तर कोरेगावच्या कुंभाराला सांगावा धाडीन. मग खळ्यावर बी त्योच यील."

हे खरं होतं. दुसऱ्या कुंभाराचा पाय वाडीत पडला की बलुतं गेलंच. पण बसका बैल लोकांना अशुभ वाटेल, हे आकारामच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या दारात बैल कुठला, गाढवं. गाढव बसलं म्हणून त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं.

दिवसभर नवरा-बायको चुलीपुढं बसून उभे बैल थापत राहिली. सांजंला ओलसरच जोड्या घरोघर पोचल्या. बसके मोडून त्यांचीच माती वापरा, असं राहीबाई म्हणत होती. आकारामनं ऐकलं नाही. पाऊस उघडल्यावर त्यानं ते मडक्यांबरोबर भट्टीत भाजले आणि आगगाडीनं माधवनगरला नेले. तिथल्या गिरणीच्या माणसांना ना औत, ना कोळपणी. पाळी सुटलेला एक कामगार पाटीपुढं टेकला. मडकं घेणारा बोटानं वाजवून बघतो. ह्यानं बैल नुसता तळहातावर धरला.

"आरं गड्या, ह्यो तर मीच की रं! आसलाच आनी एक दे जोडीला."

"तसलाच न्हाई. ह्यो बी बसलाय, पर निराळा."

पाटी रिकामी झाली. परतताना आकारामच्या मनात आलं, आता हाच धंदा धरावा का? पण गिऱ्हाईक एकदा घेणार. बलुत्याची ज्वारी मात्र वर्षभर लागते. आणि विकायला म्हणून बसके थापत सुटलं, तर चार महिन्यांत त्यांनाही हात झोपेतच लागणार.

पुढच्या बेंदराला सगळे बैल चार पायांवर उभे. फक्त एकाची शेपटी पाठीवर गेलेली, एकाचा कान मागं, एकाची मान तिरकी. राहीबाईनं पाटलाच्या घरी जोडी दिली, तवा आकाराम मुद्दाम बरोबर होता. हरणाबाईनं बैल पाटावर ठेवले आणि वाकून एकेक पाय चाचपला.

सून म्हणाली, "आत्ती, ह्यो माशा हाकलतोय बघा."

आकारामनं खाली बघितलं.

"हाकलू दे की," म्हातारी म्हणाली. "हुबा हाय न्हवं? हळदीचं ताट आन."