आईबरोबर पाहिलेला रॉक बँड
जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला नगरमधल्या एका कॉलेजच्या मैदानावरची ती संध्याकाळ आठवते. माझा लाडका रॉक बँड तिथे येणार होता आणि मी जामखेडला अकरावीत शिकत होते. "एकलीला न्हाई पाठवनार," असं म्हणून आई स्वतःच माझ्याबरोबर एसटीत बसली. खरं तर भाकरी थापताना माझ्या मोबाईलवर त्यांची गाणी लागली की हीच आई "बंद कर ते बोंबलनं" म्हणून ओरडायची. मैदानात धूळ उडत होती, ड्रमचा प्रत्येक ठोका छातीत घुमत होता, पोरंपोरी उड्या मारत होती आणि आई दोन्ही कानांवर पदर दाबून उभी होती. आता ही मला हाताला धरून बाहेर काढणार, या धास्तीने मी तिच्याकडे बघतच नव्हते. मग माझं सगळ्यात आवडतं, संथ गाणं सुरू झालं. गायकाने माईक आमच्याकडे वळवला, पण त्याला खरोखर समोर बघून मी गायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात शेजारून आवाज आला. कानांवरचा पदर सोडून आई गात होती, अख्खं कडवं, खड्या आवाजात. "तुला येतं हे?" मी थक्क होऊन विचारलं. "मंग! दोन वर्सं सैपाकघरात दुसरं काय ऐकलं मी?" ती म्हणाली आणि तिने पुढची ओळ पकडली. नंतर पुण्यात मी त्यांना दोनदा ऐकलं, अगदी स्टेजला खेटून. पण ते गाणं सुरू झालं की माझी नजर अजूनही स्टेजवर ठरत नाही, शेजारी वळते.