आतून घातलेले टाके

"हा आळस नाही, ताई. हा आजार आहे," सोलापूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मला रडू फुटलं. माझे पती शेजारीच बसले होते. "तोंडाला लगाम घातला तर कशाचा आलाय आजार?" ते म्हणाले.

मी तेर गावच्या शाळेत शिकवते. झोपेत माझा श्वास अडकायचा, दचकून उठून बसायचे. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. वजनानं गुडघे गेले होते, शुगर वाढली होती. उपास, चालणं, काढे, सगळं करून झालं होतं. मॅडमनी एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी सुचवली. म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराला आतूनच टाके घालायचे. जठर अरुंद होतं, थोड्याशा खाण्यानंही पोट भरतं. बाहेरून चिरफाड नाही.

तेच मला भोवलं.

भूल उतरल्यावर कळा, मळमळ. पाण्याचा घोटही ठरेना. घरी आले तर सासूबाईंनी पदर सरकवून पोट बघितलं. "टाका न्हाय, काय न्हाय. कसलं आपरेशन? लोकं पोट भराया मरत्यात, अन् हिनं पोट शिवून घेतलं!"

काही आठवडे नुसतं पातळ घ्यायचं होतं. त्यातच पुतण्याचं जावळ निघालं. पंगतीत जाऊबाईंनी भाकरी-मटण वाढलं. "दोन घास खा की. लई नाटकं झाली." मी पतींकडं पाहिलं. "खा. चार माणसांत तमाशा नको."

मी खाल्लं.

उलट्या थांबेनात. रक्त दिसलं. पुन्हा सोलापूर. दुर्बिणीनं तपासून मॅडम म्हणाल्या, "टाके शाबूत आहेत, नशीब समजा." मग पतींकडं वळून, "यांना खायला कुणी लावलं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले.

वजन उतरलं. शांत झोप लागते, शाळेचा जिना चढते. मॅडमचे उपकार विसरणार नाही. पण लोक "आता माणसात आलीस" म्हणतात, तेव्हा विचारावंसं वाटतं, आधी कशात होते? कधी कुणाच्या लग्नालाही सोबत न नेणारे पती आता गाडीवर मागं बसवून फिरवतात. मी बसते. फारसं बोलत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, उपचार सोसवतो. घरच्यांना मात्र आधीच ठणकावून सांगा. मला ते जमलं नव्हतं.

परवा जेवताना सासूबाई माझ्या लेकीकडं बघून म्हणाल्या, "आईवर गेलीया. हिला कमी वाढ." लेकीनं हात आखडला.

मी तिच्या ताटात अर्धी भाकरी वाढली आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तिला काय झालं तर डॉक्टरकडं मी नेईन. तिच्या ताटाकडं कुणी बघायचं न्हाय."

लेक पोटभर जेवली.