पुलाजवळ घेतलेलं नाव

भूत, पिशाच्च, नजर, करणी — यातलं काहीच मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हा अनुभव वाचून तुमच्यातले निम्मे लोक मला "बघा, शेवटी पटलं ना" म्हणायला येतील. नाही पटलं. तेव्हाही नाही, आजही नाही. मग इतक्या वर्षांनी लिहितेय कशाला? तर झालं ते झालं, आणि ते मला आजतागायत उलगडलेलं नाही... म्हणून.

साल १९४६. कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. नाव देत नाही, त्या घरातली माणसं अजून नांदताहेत. माझे यजमान लढाईवरून परत आले होते. ब्रह्मदेशात होते. जवळच तोफगोळा फुटला, दोन सोबती जागीच गेले आणि ह्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. फक्त डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं बंद झालं. गावाने ओवाळून घरात घेतलं. मारुतीने राखला म्हणाले.

राखला खरा, पण निम्मा. डोकं ठणकायचं. हातात विळा घेऊन उभे राहायचे आणि कशाला घेतला ते आठवायचं नाही. बोलता बोलता नजर कुठेतरी जाऊन थांबायची, मग किती हलवा, माणूस जागेवर यायचा नाही. पूर्वी सगळ्या आळीला हसवणारा माणूस एवढ्या तेवढ्यावरून ताट भिरकावायला लागला, आणि भिरकावल्यावर स्वतःच रडायला लागला.

मग उन्हाळ्यात राब भाजायची वेळ आली. भाताची रोपं टाकायच्या आधी आम्ही त्या जमिनीवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पेटवतो. त्यात कुणीतरी ओली चिव्याची काठी टाकली. चिवा म्हणजे बारीक बांबू. आगीत त्याचं पेर फुटलं की बंदुकीसारखा बार निघतो. एक पेर फुटलं... आणि ह्यांनी माझ्या सासूबाईंना ढकलून जमिनीवर पाडलं, वर स्वतः आडवे झाले आणि कुणा सोबत्याच्या नावाने ओरडत राहिले.

झालं. गावाचं निदान तयार. "लढायतलं भूत संगं आनलंय यानं," शेजारचे तात्या म्हणाले. "भगताला दावा. कोंबडं द्या." सासूबाईंनाही ते पटलं. मी म्हटलं, "कोंबडं खायचं असेल तर सरळ मागा, तात्या. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून कशाला उतरवता?" सातवीपर्यंत शिकलेली सून, तोंडाने फटकळ, एवढी माझी ख्याती आधीच होती. त्यात भर पडली.

मी ह्यांना कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टरही लष्करातल्या इस्पितळात राहून आले होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बोट हलवून "इकडे बघा" केलं, फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं. आंबा, माचिस, पूल असे तीन शब्द सांगितले, जरा वेळाने विचारले. ह्यांना आंबा तेवढा आठवला.

"पलटणीतून सोडताना तपासलं नाही का?"

"इचारलं होतं," हे म्हणाले. "लायनीत हुबं करून. डोकं दुखतं? झोप लागती? पुढचा बोलला, ठीक है साब. मीपन तेच. होय बोलला त्याला हास्पिटलात ठेवत होते. मला घरी यायचं होतं."

डॉक्टर मला म्हणाले, "नारळ आपटला तर करवंटी धड दिसते, पण आत खोबरं सुटतं. तसं झालंय हे. भूतबित काही नाही." मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मग त्यांनी ह्यांच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

मी पदर तोंडात धरला. असलं अभद्र कुणी विचारतं? पण हे म्हणाले, "वाटतं कदी कदी."

"सांगितलंत ते चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. दोर, विळे नजरेआड ठेवा. एकटं सोडू नका. आणि हाच प्रश्न रोज विचारा. "विचारल्याने मनात भरतं असं नाही, बाई. भरलेलं असतं ते बाहेर येतं. आणि नजर लागून राहिली की नावाने हाक मारा. अहो, इकडे बघा, याने ते येणार नाहीत. नावाने, मोठ्याने."

आता आली का पंचाईत! आमच्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. भगताला दारातून परत पाठवणारी मी, पण त्या चार अक्षरांशी माझी जीभ अडायची, आणि तो प्रश्न तर ओठांवरच येईना. सासूबाईंना यातलं काही बोलले नाही. त्यांना एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय.

आठवडा गेला. गोळ्या आणायला मी एकटीच कर्जतला गेले. सासूबाईंना बजावलं, ह्यांना नजरेआड होऊ देऊ नका. परत येताना भर दुपारी ओढ्यावरच्या पुलाजवळ आंब्याखाली टेकले. गाव तिथून दीड कोस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मनात आलं, इथे कोण ऐकतंय? नाव घेऊन, विचारून तर बघू एकदा. तेवढ्यात खोपोलीची गाडी आली. उगीच डब्यातल्या माणसांपुढे शोभा नको, म्हणून थांबले. गाडी गेली, शिट्टी विरली, आणि मी कडुलिंबाचा रस प्यावा तसे डोळे मिटून ओरडले —

"काशिनाथ! जीव द्यावासा वाटतो का?"

बस्स. आभाळ कोसळलं नाही. मला एकटीलाच हसू आलं. पदर सारखा केला आणि चालायला लागले.

घरी पोचले तर अंगणात आळी जमलेली. मध्ये सासूबाई, काशिनाथचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसलेल्या. पायाशी गुरांचं दावं पडलेलं. आमच्या घरातले दोर मी लपवले होते; हे दावं ह्यांनी शेजारच्या गोठ्यातून आणलं होतं.

मला बघून सासूबाई म्हणाल्या, "कवा आलीस गं तू? आन् मगाशी कुटं लपलीस?"

"मी आत्ता येतेय. कर्जतहून."

"खोटं नको बोलूस. मी हितं मिरच्या वाळत घालीत हुते. हा बोलला, बैलाला पानी दावतो. गाडीची शिट्टी झाली न् लगीच गोठ्यातून तुजा आवाज आला. नवऱ्याला नावानं हाक! सासू जित्ती असताना! मला असा राग आला... म्हनलं, थांब, दावते तुला. केरसुनी घेऊन गेले आत. तर तू नाय. हा एकटा हुबा, हातात दावं. दरवाज्याकडं तोंड करून बोलतोय, व्हय गं, वाटतं. लय वाटतं."

मी विचारलं, "आई, आवाज काय म्हणाला? नावानंतर?"

सासूबाईंनी तो प्रश्न सांगितला. शब्द न् शब्द. तो मी त्यांना कधीच सांगितला नव्हता. काशिनाथला विचारलं तर म्हणाले, "तूच बोललीस. हितून आयकलं." आणि हात लावला तो डाव्या कानाला.

तात्यांना तेवढंच हवं होतं. "बगा, भूतच. आवाज काडून बोलावतं मानसाला. आता तरी भगत आना."

माझं डोकं सटकलं. "भूत असेल तर असू द्या," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा शहाणं आहे. तुम्ही सगळे इतके दिवस आमच्या घरी येताय. कुणी ह्यांना विचारलंत, तुला काय होतंय? त्याने विचारलं." आणि सगळ्या आळीदेखत, सासूबाईंसमोर, मी काशिनाथपुढे जाऊन बसले. नाव घेतलंच. "काशिनाथ, जीव द्यावासा वाटतो का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी खरंच माझ्याकडे बघितलं. "आत्ता नाय," म्हणाले.

बायकांनी कानांवर हात ठेवले. तात्या उठून गेले ते महिनाभर आमच्या दाराशी फिरकले नाहीत. फायदाच झाला.

पुढे मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दुखावलेल्या मेंदूला आवाज येतात. मान्य. पण माझ्या सासूबाईंच्या मेंदूला काय झालं होतं? त्यावर ते नुसते हसले. दीड कोसावरून माणसाचा आवाज जात नाही, गोठ्याच्या आतून उमटत नाही, आणि मेलेल्या कानात तर शिरतच नाही. मला याचं उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. भगताचा पत्ता मात्र पाठवू नका.

काशिनाथ एकदम बरे झाले असं नाही. वाईट दिवस पुष्कळ आले. "आज वाटतं" असं उत्तर आलं की त्या दिवशी घरातलं कुणीतरी शेतावर जायचं नाही, त्यांच्यापाशी बसायचं. पण ते जगले. नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरले. नाव घेतल्याने आयुष्य घटत असतं, तर मी रोज घेऊन ते कधीच संपवलं असतं.

आणि रोज नावाने विचारण्याची पहिली सक्ती केली ती सासूबाईंनी. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते, तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इचारलंस का गं आज त्याला?"

मी मान हलवली. नव्हतं विचारलं.

"मग जा," त्या म्हणाल्या. "चुलीकडं मी बगते. आन् नावानं इचार."